खिडकीबाहेर टाकलेली केबल

२ मे
नववी बदली, नववं घर. पायांचे तुकडे पडलेत, पण मन खूश आहे. गच्चीवर अँटेनाचा खांब आयताच उभा! आधीचा भाडेकरूही माझ्यासारखाच हौशी रेडिओवाला होता म्हणे. ही म्हणाली, भांडी राहू देत, आधी तुमचा तो खोका लावा, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल.

५ मे
दिवसभर अर्थिंग. आधीच्याने अँटेनासाठी वेगळा रॉड ठोकला होता, पण घराच्या अर्थिंगला जोडलाच नव्हता. एका घरात दोन अर्थिंग म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. वीज पडली की एकीकडून दुसरीकडे धावते, तीही नेमकी आपल्या सेटमधून. तांब्याची जाड पट्टी टाकून दोन्ही जोडले. अँटेनाची केबल घरात शिरते तिथे वीज जमिनीत वळवणारा अरेस्टर बसवला. तरी माझा नियम तोच: ढग आले की केबल सेटपासून सोडवायची आणि खिडकीबाहेर टाकायची. कंबर मोडली आज.

९ मे
दुपारी गडगडाट. केबल बाहेर टाकून आडवा झालो. उठलो तर केबल सेटला घट्ट आवळलेली. हिला विचारलं. म्हणाली, तुमच्या तारांना मी कधी बोट तरी लावते का? तेही खरंच.

१३ मे
पुन्हा तेच. तांब्याची पट्टीही सुटलेली. घरमालकीणबाईंना आधीच्याबद्दल विचारलं. फार जपणारा माणूस, म्हणाल्या, तोही केबल बाहेरच टाकायचा. पण वीज पडली त्या दिवशी ती लावलेली सापडली. खोलीला आतून कडी. डावखुरा होता; जळालेला डावा हात केबलवरच होता.
मला भीती वाटते आहे.

१४ मे
हिला बहिणीकडे धाडलं. उद्या सेट उतरवतो. आज अंगात त्राण नाही.

१५ मे, दुपार
सकाळीच उतरवायला हवा होता. ढग आले. केबल बाहेर टाकली, खिडकी लावली. खुर्चीतच डोळा लागला — दोनच मिनिटं. खिडकी उघडी. केबल लावलेली. माझ्या डाव्या हाताच्या बोटांना केबलच्या नटाचा हिरवा मळ —
मीच?

पुन्हा सोडवली. आता झोपायचं नाही. लिहीत राहायचं.

उठून बाहेर पडावं — पाय उचलत नाहीत —

उजवा हात वहीवर. माझाच आहे. डावा खिडकीबाहेर गेलाय — केबल आत ओढतोय — सोड म्हणतो, ऐकत नाही — नट फिरतोय — एक आटा — दोन —

उजव्याने धरतो त्याला, पेन ठे