गुडघ्याच्या जागी लावलेलं बी

प्रिय छोटे,

फोन सोडून पत्र आलेलं बघून तुझ्या काळजात धस्स झालं असेल, म्हणून आधीच सांगते: खार ठणठणीत आहे, मी ठणठणीत आहे, आणि घर अजून जागेवर आहे. तुझ्या मुलीला मी खार म्हणते हे तुला आवडत नाही, पण उशीखाली बिस्किटं साठवणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीला दुसरं काय म्हणायचं ते तूच सुचव. गेले काही दिवस तू प्रत्येक फोनला विचारतेयस की शाळेत पुढच्या दोन वर्षांचा प्रवेश पक्का केला का, आणि मी दर वेळी काहीतरी पुटपुटून विषय बदलतेय. तू पडलीस औषधांच्या कारखान्यात गोळ्या तपासणारी बाई. गोळीला गोळी म्हणण्याआधी तू ती फोडून, विरघळवून, जोखून बघतेस. तुझ्यापुढे माझं पुटपुटणं किती दिवस टिकणार? तेव्हा आज नीट सांगते. फक्त जरा लांबून वळसा घेऊन येऊ दे. मी सरळ मुद्द्यावर आले की माणसं पळतात, हा माझा आयुष्यभराचा अनुभव आहे.

तुझी बदली झाली आणि तू खारीला माझ्याकडे ठेवून गेलीस, तेव्हा दारातच बजावलं होतंस, "ताई, हिला एक जरी सुई लागली ना, तर बघ." सुया नाहीत, माझी चूर्णं नाहीत, चोळणं नाही, धुरी नाही. मी मान डोलावली. तुझ्या या तिरस्काराची मला सवय आहे. मी चिनी वैद्यक शिकून परत आले तेव्हा आईने शेजारीपाजारी सांगितलं होतं की मोठी सुयांचं काहीतरी शिकून आलीय, आणि पहिला आठवडाभर बायका पँटी आखूड करून घ्यायला येत होत्या. तू तेव्हा हसून हसून जमिनीवर लोळली होतीस. पुढे मी तुला एकदा मोठ्या उत्साहाने समजावायला गेले की आमच्या शास्त्रात यकृताला राग येतो, फुप्फुसाला दुःख होतं आणि मूत्रपिंडाला भीती वाटते, तेव्हा तू शांतपणे म्हणालीस, "ताई, यकृत हा अवयव आहे, सासू नाही." ते वाक्य मी अजून दवाखान्यात वापरते, तुझं नाव न सांगता. बायका खूश होतात.

तर खारीचं पोट दुखायला लागलं तेव्हा मी दिलेला शब्द पाळला. गावभरच्या पोरांची पोटं चोळणारी मी, घरातल्या पोरीच्या पोटाकडे सभ्य शेजारणीसारखी लांबून बघत बसले. तिला मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं, रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. सगळं उत्तम निघालं. तुला फोनवर सांगितलं तर तू म्हणालीस, पुन्हा करून बघ. पुन्हा केलं, पुन्हा उत्तम. खरं सांगू, तेव्हा तुझा आवाज जरा हिरमुसल्यासारखा वाटला. मला कळलं ग. काहीतरी सापडलं असतं तर त्यावर गोळी असती, आणि गोळी म्हटलं की तुला हायसं वाटतं. मी चोरून एवढंच केलं की सकाळी तिच्या जिभेकडे बघायचे. पण ती तुझीच मुलगी. थोड्याच दिवसांत ती न्याहारीला आली की आपणहून जीभ बाहेर काढून माझ्यासमोर उभी राहायला लागली, आणि म्हणायची, "बघून घे मावशी, फुकट आहे." आल्याची पेज मात्र मी तिला करून घातली. ती औषधात मोडते की स्वयंपाकात, यावर तू माझ्याशी नंतर भांड.

शाळा सुटल्यावर ती दवाखान्यात येऊन बसायची, घरी एकटीला कंटाळा येतो म्हणून. माझा दवाखाना तुला माहीतच आहे: चष्म्याच्या दुकानावरची खोली, भिंतभर खणांचं कपाट, एक उंच पलंग, आणि वाळक्या पाल्याच्या धुरीचा वास, जो खालच्या चष्मेवाल्याच्या मते त्याची गिऱ्हाइकं पळवतो. तिथे पडद्याजवळच्या बाकावर बसून ती अभ्यास करायची, म्हणजे पुस्तक उघडं ठेवून सगळ्यांची बोलणी ऐकायची. माझ्याकडे एक पद्धत आहे, तुला कधी सांगितली नाही कारण तू ऐकून घेतलं नसतंस. लहान मुलाला मी एकदाच हात लावते, दाखवण्यापुरता. त्यानंतर चोळायचं ते आईबापांनी. मी नुसती बाजूला उभी राहून ओरडते. मला ज्यांनी शिकवलं त्या बाई म्हणायच्या की मुलाच्या अंगाला ओळखीचा हात लागला पाहिजे. तुमचा कितीही शिकलेला असला तरी तो पाहुण्याचाच. यात शास्त्र किती आणि समजूत किती, ते तू तुझ्या प्रयोगशाळेत तपास. मी फक्त इतकी वर्षं पाहत आलेय की घाबरून दचकणारी, अंथरूण ओलं करणारी पोरं घरच्या हाताखाली कशी हळूहळू सैल होतात.

मध्यंतरी एक क्रेनवाला त्याच्या मुलाला घेऊन आला. पोरगं चार-पाच वर्षांचं, झोपेत किंचाळायचं. बापाचे हात म्हणजे फावडी. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंची कातडी चिमटीत धरून खालून मानेपर्यंत लाटेसारखी सरकवत न्यायची असते, अगदी हलकं. हा गडी घामाघूम झाला. म्हणाला, "बाई, मला लोखंड उचलायला सांगा, हे नको. काही तुटेल." मी म्हटलं, "तुटत नाही, तुम्हाला ज्या मालातून घडवलंय त्याच मालाचं आहे ते." पोरगं आधी ताठ पडलं होतं, मग गुदगुल्या होऊन हसायला लागलं, मग बापाच्या हाताखाली तोंड उघडं टाकून झोपलं. क्रेनवाला हात तसाच अधांतरी धरून माझ्याकडे बघत राहिला, आता हलू की नको असं. ते गेल्यावर खारीने पुस्तकातून मान वर न काढता विचारलं, "मोठ्या मुलांना नाही करत का असं?" मी माझ्या नेहमीच्या मास्तरकीने सांगितलं की नाही, हे लहानग्यांचं; वयात येणाऱ्या मुलांना वेगळे उपाय, सुया, कानाची बी, आणि मुख्य म्हणजे त्यांच्याशी बोलणं. ती म्हणाली, "म्हणजे मला उशीर झाला." आणि पान उलटलं. मी काहीतरी विनोद केला. तो इतका फालतू होता की मला आता आठवतही नाही, आणि तीही हसली नाही.

कानाची बी म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तू भलतंच काही डोक्यात घेशील. मोहरीएवढं गुळगुळीत बी असतं, चिकटपट्टीच्या नखाएवढ्या चौकोनावर बसवलेलं. ते कानाच्या ठरावीक जागी चिकटवायचं, आणि जीव घाबरला, राग आला, झोप येईना, की बोटाने दाबायचं. माझ्याकडे येणारी मोठी मुलं याच्यावर खूश असतात, कारण केसांखाली कुणाला दिसत नाही आणि उपाय त्यांच्याच बोटात असतो. तर एका संध्याकाळी खार खेळायला निघाली होती, केस वर बांधलेले, आणि तिच्या कानावर मला तो चौकोन दिसला. मी धावले. "कुणी लावलं हे?" तर ती शांत. म्हणाली, "मीच. तुझ्या खणातून घेतलं. आईने बंदी तुला घातलीय, मला नाही." वकील कर तिला, गोळ्यांच्या नादाला लावू नकोस. मी जवळ जाऊन नीट बघितलं आणि मला हसू आवरेना. मन शांत करायची जागा आणि गुडघ्याची जागा कानावर शेजारीशेजारी आहेत. दवाखान्याच्या भिंतीवरच्या कानाच्या चित्रात बघून आरशात लावताना बाईसाहेबांचा हात सरकला होता. बरेच दिवस ती इमानेइतबारे गुडघा शांत करत होती. मी सांगितलं तर म्हणाली, "पण मला बरं वाटतं!" म्हटलं, वाटणारच, तुझे गुडघे आता संन्यास घेण्याच्या बेतात असतील.

मग सहज, अगदी सहज, मी विचारलं की दाबतेस कधी? परीक्षेच्या आधी? गणिताच्या तासाला? छोटे, मी इतके दिवस तेच धरून चालले होते. अभ्यासाचा ताण, मोठं वर्ष, सगळ्या आया जे म्हणतात ते. इतकी वर्षं लोकांची पोरं बघतेय, पण घरातलीच्या बाबतीत मी डोळ्यांवर पट्टी बांधून बसले होते. ती बुटाची नाडी बांधत होती. खाली बघूनच म्हणाली, "आईचा फोन ठेवला की."

त्यानंतर मी लक्ष ठेवलं. तुझ्या फोनवर ती इतकी मस्त असते की कुणालाही संशय यावा. "हो आई. छान आहे आई. जेवले. झोपले. सगळं मस्त." तूही पलीकडून तसंच. तुझा आवाज मी तुझ्या जन्मापासून ऐकतेय. तू अशी खणखणीत बोलायला लागलीस की समजावं, बाई रडून उठलीय. तुम्ही दोघी एकमेकींना इतकं जपता की फोनवर दोन स्वागतिका बोलतायत असं वाटतं. फोन ठेवला की ही न्हाणीघरात जाते, नळ सोडते, आणि बाहेर येते ती पोट धरून. तिचे बाबा वर्षातून एकदा वाढदिवसाला फोन करतात, तेव्हा काही दुखत नाही. त्यांच्याकडून तिची अपेक्षाच नाही. जिच्याकडून आहे, तिथेच दुखतं.

मागच्या शनिवारी दवाखाना बंद करताना आम्ही टॉवेलांच्या घड्या घालत होतो, आणि ती एकदम म्हणाली, "मावशी, मी आईकडे राहायला गेले तर तुला वाईट वाटेल?" मग तिने मलाच समजावायला सुरुवात केली. कारखान्याच्या वसाहतीत तुला एकच खोली आहे. तुझ्या पाळ्या बदलत असतात, ती बराच वेळ एकटी राहील. तिथली शाळा बेताची आहे, इथली चांगली. तुझी सगळी कारणं, तुझ्याच क्रमाने, जवळजवळ तुझ्याच आवाजात. पाठ करून ठेवलीयत पोरीने. एकही कारण तिने खोडलं नाही. सगळं सांगून झाल्यावर टॉवेल छातीशी धरून उभी राहिली आणि एकच शब्द म्हणाली, "तरी." मी तिला विचारलं, आईला का नाही सांगत? तर म्हणाली, "ती नाही म्हणणार नाही ग. ती रडेल आणि हो म्हणेल, आणि मग सगळा वेळ माझीच काळजी करेल." बघ आता. तू तिच्या भल्यासाठी लांब ठेवतेस, ती तुझ्या भल्यासाठी लांब राहते, आणि मधल्या मध्ये मी आल्याची पेज ढवळतेय.

हे फोनवर का नाही सांगितलं, ते ऐक. फोनवर तू नेहमीसारखं विचारलं असतंस, "ताई, पण तुझ्याकडे ती बरी आहे ना?" आणि मी हो म्हणाले असते. लगेच, सवयीने, आनंदाने. कारण मला ती हवी आहे, छोटे. माझ्या खुर्चीवर ओले टॉवेल टाकणारी, माझ्या रोग्यांना माझ्यामागे माझीच नक्कल करून दाखवणारी, सकाळी दारात जीभ काढून उभी राहणारी. या घरात इतकी वर्षं कुणी माझ्यावर हसलंच नव्हतं, म्हणजे तोंडावर. कागदावर मात्र मला खोटं लिहिता येत नाही, हात थांबतो. तेव्हा ऐक: शाळेतला प्रवेश मी घेतलेला नाही, आणि घेणार नाही. परीक्षा संपली की तिला घेऊन मी स्वतः तुझ्याकडे येतेय. नाही म्हणायचं असेल तर मला म्हणू नकोस. इथे ये, तिच्यासमोर बस आणि तिच्या तोंडाकडे बघून तिला म्हण. ते तुला जमणार नाही, मी तुला ओळखते. म्हणून आता रडून घे काय रडायचं ते, तोंड धू, आणि त्या एका खोलीत दुसरी गादी कुठे मावते ते बघायला लाग.

तुझीच, आणि परीक्षा संपेपर्यंत तिचीही,
ताई