टोपीखालची खूण

५ जानेवारी
यशोधनचं गाणं यूट्यूबवर आलं. गीत, संगीत, आवाज – सगळं स्वतःचंच! साक्षगंध अठरा तारखेला, आणि होणारा नवरा तिकडे अकोल्यात प्रेमभंगाने व्याकूळ. भंगायला आमचं प्रेम अजून धड झालंय कुठे?

६ जानेवारी
बारावीतली आरती उभी राहिली. "मॅडम, आमच्या होणाऱ्या सरांच्या गाण्याचं रसग्रहण करून द्या ना." अख्खा वर्ग माना खाली घालून हसून राहिला. बरं. लिहिल्या ओळी फळ्यावर –

साखर कमी झाली म्हणून तू कप फेकला
मीच पुसलं तुले, हात तं नाही पोळला?
खूण टोपीखाली झाकली, पाहुण्यायले चहा दिला

कप म्हणजे हृदय, साखर म्हणजे माया, असं ठोकून दिलं. टोपी? टोपी म्हणजे प्रतिष्ठा. पोरींनी उतरवूनही घेतलं.

८ जानेवारी
स्टाफरूममध्ये शेषराव सरांनी माझ्यापुढचा कप हळूच लांब सरकवला. मी आजवर खडूसुद्धा फेकला नाही, पण अमरावतीत आता कप फेकणारी मीच.
यशोधनला फोन केला. "प्रतीक हाय ते. तू तं मराठीची मॅडम!" हो का? केस विस्कटतील म्हणून हा उन्हातही टोपी घालत नाही. आणि पाहुण्यांना चहा? स्वतःचा कप तरी उचलतो का?

११ जानेवारी
साडी घ्यायला अकोल्याला गेले. साधनाकाकू, म्हणजे यशोधनच्या आई, सोबत होत्या. कपाळावर नेहमीची रुपयाएवढी टिकली. जुनी फॅशन म्हणून मी मनात हसायचे. दुकानात डोक्यावरून पदर घेऊन दाखवताना टिकली पदराला चिकटून निघाली. खाली पांढरा वण. त्यांनी पटकन त्यावर बोट ठेवलं. "लय जुनं होय," म्हणाल्या. मी काही विचारलंच नव्हतं.
टोपी नव्हती ती. टिकली होती. आणि मी पोरींना प्रतिष्ठा लिहून दिली. फार लाज वाटली.

१२ जानेवारी
यशोधनला विचारलं. लपवलंसुद्धा नाही. "आईच्या वहीतलं होय. घरचंच तं हाय. एकच शब्द बदलला."
अन् कप?
"बाबाचा स्वभाव हाय तसा. आईले सवय झाली. तू काऊन मनाले लावून घेऊन राहिली?"
सवय झाली. याचं रसग्रहण करावं लागत नाही. उद्या माझीही होईल.

१४ जानेवारी
संक्रांत. गोड बोलायचा दिवस, म्हणून गोड शब्दांत साक्षगंध मोडलं. आई रडली. बाबा म्हणाले, "एका गाण्यापायी?"
हो, एका गाण्यापायी.

१५ जानेवारी
साधनाकाकूंचा फोन. बोलणी खायची तयारी ठेवूनच उचलला. "बरं केलं, पोरी," एवढंच म्हणाल्या. मग जरा थांबून – "अमरावतीची दुपारची एसटी अकोल्यावरून किती वाजता निघते वं?"