दोन टेबलांमधली फट

२ डिसेंबर
आजपासून ठरलं. मार्लिनचं नाव काढायचं नाही. पोरगा सगळ्या समाजापुढे गुडघे टेकून बाप्तिस्मा घेतो, शब्द देतो आणि मग, आपल्यात मोटार वर्ज्य असताना, ट्रक चालवायला निघून जातो. बापानं किती वर्षं तेच उगाळत बसायचं? मी तर विसरलोसुद्धा. हे लिडियानला सांगितलं. बायको म्हणाली, विसरलात तर सकाळपासून तीनदा कशाला सांगितलंत? हिला मोजायची वाईट खोड.

३ डिसेंबर
रस्त्याकडेच्या टेलिफोनच्या खोपटात मार्लिनचा निरोप. जुन्या ख्रिसमसला, सहा जानेवारीला, जेवायला येतोय. येऊ दे की. शब्द मोडून बहिष्कृत झालेल्या माणसाला जेवू घालायची मनाई नाही, त्याच्याबरोबर एका टेबलावर बसायची आहे. चुलीपाशी एक स्टूल ठेवू, तिथे बसेल. नियम म्हणजे नियम.

५ डिसेंबर
सहजच चेरीच्या फळ्या खाली काढल्या. कितीतरी वर्षं माळ्यावर वाळत पडल्या होत्या. दुकानात नमुन्याला एक टेबल हवंच होतं. मार्लिनचा काही संबंध नाही.

१२ डिसेंबर
टेबल झालं. एक खिळा नाही. रंधा असा फिरला की माझं मलाच... असो. गर्व पाप आहे.
दुपारी ते मधोमध कापलं, सगळ्यात पातळ करवतीनं. चाराचे आठ पाय केले. आता ही दोन टेबलं आहेत, कुणीही मोजावीत. जवळ ठेवली की लाकडाची रेघ या टेबलावरून त्या टेबलावर तशीच चालू होते, त्याला मी काय करू? झाडच तसं वाढलं.
लिडियाननं एक भलामोठा टेबलक्लॉथ शिवायला घेतलाय. मी पाहिलंच नाही.

१५ डिसेंबर
दुकानात क्लीव्हलंडच्या एक इंग्रज बाई आल्या. आपल्यात नसलेले सगळे इंग्रजच. म्हणाल्या, आमच्याकडची टेबलं दोन वर्षांत डुगडुगतात हो, हे तर नातवंडं वापरतील. हात फिरवून फिरवून थकल्या, सांधा सापडेना. मी बढाई मारली नाही, फक्त पुन्हा एकदा बघा म्हटलं. विकता का म्हणाल्या. म्हटलं, नको, खोट आहे त्यात. कुठे? डोळ्यांत भुसा गेला.

२२ डिसेंबर
बिशप रोमन आले. कॉफी प्यायले, केक खाल्ला, मग कापड उचलून वाकले. म्हणाले, एनॉस, ही दोन आहेत हे तुला ठाऊक नि देवाला ठाऊक, मला मेलं एकच दिसतंय! म्हटलं, वयानं नजर जाते. म्हणाले, नजर गेली तरी हात शाबूत आहे. कापड एक चालेल, पण हा हात मधून गेला पाहिजे. घालून बघितला. गेला नाही. मग मलाच टेबल सरकवायला लावलं.
जाताना खांद्यावर हात ठेवून म्हणाले, माझाही पुतण्या आहे रे तिकडे, इंग्रजांत. माणूस वाईट नाही. पंजा मात्र फार जाड.

५ जानेवारी
फट आहे तशीच आहे. मी हात लावणार नाही. झाडताना चुकून कंबर लागली नि टेबल सरकलं, तर तो अपघात. बिशप उद्या मुलीकडे जाणार आहेत. सहज चौकशी केली.

६ जानेवारी, सकाळ
कंबर लागली. आता मधून रंध्याची ढलपीसुद्धा जात नाही.

६ जानेवारी, संध्याकाळ
मार्लिन आला. मिशी ठेवलीय. शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून ट्रक लांब ठेवून बर्फातून चालत आला.
लिडियाननं चिकन-नूडल्स केल्या होत्या. मी माझ्या टेबलावर, तो त्याच्या. कोपराला कोपर लागत होतं. किती वर्षांनी! प्रार्थनेला माना खाली घातल्या. मी डोळे मिटले नव्हते. त्याचा अंगठा कापडाखालून हळूहळू चालला आणि बरोबर सांध्यावर थांबला. क्लीव्हलंडच्या बाईंना सापडला नाही तो याला सापडला. पोरगा माझाच.
प्रार्थना संपल्यावर म्हणाला, डॅट, काय सांधा केलाय हो! मग म्हणाला, मी काय, जेवून निघून जाईन. रविवारी सगळ्यांपुढे गुडघे टेकून माफी तुम्हाला मागावी लागेल. असं म्हणून उठला आणि आपलं टेबल त्यानंच मागे ओढलं. कापड मध्ये झोळीसारखं लोंबलं. सहज हात जाईल इतकी फट पडली. बिशपचासुद्धा.
नूडल्स चांगल्या झाल्या होत्या म्हणे. माझी बशी भरलेलीच राहिली. तो गेल्यावर घोड्याला चारा घालायला गेलो आणि तिथेच रडलो. खूप रडलो. घोड्याचं खाणं होऊन गेलं तरी रडतच होतो.

७ जानेवारी
लिडियाननं विचारलं, टेबल परत जवळ घेऊ का? म्हटलं, राहू दे, झाडायला बरं पडतं.
दुपारी मी मार्लिनच्या टेबलावर बसून जेवलो. तिकडे उजेड बरा येतो.
लिडियान थोडा वेळ एकटीच बसली. मग आपली बशी उचलून इकडे आली. म्हणाली, तिकडे फार थंडी वाजते.