चार वाजून दहाची किल्ली

प्रिय चिमणे,

रोज दुपारी आपण एकाच तारेच्या दोन टोकांना बसतो, आणि तरी कागदावर लिहितेय. हे फोनवर सांगायला जीभ रेटली नाही.

तुझे बाबा वारल्यावर रुग्णालयाने त्यांची खुर्ची मला देऊ केली, तेव्हा तू चिडवलं होतंस, "प्रकाशाची पुस्तकं तू कादंबऱ्यांसारखी वाचतेस आई, पण परीक्षा कोण देणार?" दिली की नाही! रुग्णांचे अहवाल कुलूपबंद करणारी किल्ली, दर मिनिटाला नवी, आपण प्रकाशाच्या एकेका कणातून पाठवतो. मधे कुणी चोरून पाहिलं, तर नुसत्या पाहण्यानेच कण बिघडतो. म्हणून तू तुझ्याकडचे थोडे अंक कळवतेस, मी माझ्याकडच्यांशी ताडून पाहते. शंभरात दोन-तीन चुका नेहमीच्याच. अकराच्या वर गेल्या, की किल्ली टाकून द्यायची आणि दोघींच्या सहीने तार बंद करायची.

आठ महिने झाले. चार वाजून दहाच्या किल्लीत रोज बारा-तेरा चुका येतात. चार-अकराला पुन्हा दोन. आणि मी तुला रोज "ठीक आहे" कळवत आले.

बाबा कामावरून घरी यायचे ती हीच वेळ. चपला काढून आवाज न करता माझ्यामागे उभे राहायचे आणि खांद्यावरून माझं पुस्तक वाचायचे. मला दिसायचे नाहीत. पण माझी ओळ चुकायची, त्यावरून कळायचं.

परवा तारवाला सगळी तार तपासून आला. "काकू, उंदराचा दातसुद्धा लागलेला नाही," म्हणाला. मला आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाज वाटली. चोर हुशार असेल तर? त्या किल्लीमागे कुणाच्या तरी गाठीचा अहवाल आहे. काल चार वाजता तारेच्या रिकाम्या खोलीत मी मोठ्याने म्हटलं, "पुरे आता. ही लोकांची दुखणी आहेत, माझं पुस्तक नाही."

कालच्या चार-दहाला शून्य चुका आल्या. दोन नाहीत, एकही नाही. तार सुरू झाल्यापासून असं कधी घडलेलं नाही. घडू शकतही नाही.

तरी अर्ज लिहिलाय, आठही महिने कबूल करून. सोबत जोडलाय. त्यावर सही कर, तार बंद होऊ दे. माझी खुर्ची गेली तरी चालेल. आज रविवार, मी घरी एकटी आहे, दार आतून लावलंय. या शेवटच्या परिच्छेदात खाडाखोड दिसेल, तिला हसू नकोस. आत्ताच तीनदा माझी ओळ चुकली.

तुझीच,
आई