सासूबाईंकडे नेलेला निंगू

उगुंजा, ता. ४ मे

आदरणीय मेहुणे ओरिवो यांस,

तुमची पाठदुखी कशी आहे? किसुमूत पाऊस लागला असेल. माझी प्रकृती ठीक, फक्त एका जागी बसवत नाही.

तुमची बहीण अपोंडी दरवर्षी नदीला पूर आला की आईला निंगू नेऊन द्यायची. (पुरात हा मासा अंडी घालायला वर चढतो, हे तिनेच मला शिकवलं. मी शाळेचा कारकून, मासा ताटात आल्यावर ओळखणारा.) ती जानेवारीत वारली, आणि आता तुमच्या घरचा मी कोण लागतो, हे कोणी सांगितलं नाही. विचारायचा मला धीर नाही. म्हणून निंगू घेऊन जायचं ठरवलं.

तीन दिवस बाजार पालथा घातला. मासेवाल्या म्हणाल्या, निंगू हल्ली म्हाताऱ्यांच्या गप्पांतच पोहतो, कारकूनसाहेब, तिलापिया न्या. चौथ्या दिवशी एका कोळ्याच्या टोपलीत एक सापडला. ताजा हवा म्हणून जिवंतच बादलीत घेतला, ही चूक.

आपल्यात जावयाने सासूसमोर उभं राहू नये. म्हणून बादली त्यांच्या अंगणातल्या कणगीपाशी ठेवली आणि कणगीमागे लपलो. सासूबाई नेमक्या तिकडूनच आल्या. त्यांनी अंगावरच्या लेसोचा पदर तोंडावर ओढला, मी पाठ फिरवली, त्यांनीही फिरवली. तेवढ्यात मासा उडी मारून आमच्या मधोमध पडला. (बघायचं नाही आणि पकडायचं तर आहे, अशा वेळी काय करावं हे थोरांनी कुठे सांगितलेलं नाही.) दोघेही उलटे सरकलो, डोळे मिटून एकदमच वळून वाकलो आणि डोक्यावर डोकं आपटलं.

मग त्या हसल्या. मग रडल्या. मी कुंपणाकडे बघत राहिलो. शेवटी त्या कणगीला उद्देशून म्हणाल्या, "पुढच्या खेपेला झाकणाची बादली आणायला सांगा जावयाला."

मी घरी आलो तो चालत की धावत, आठवत नाही.

तुमचा,
ओबीएरो

ता. क. डोकं आपटल्याचं भावकीत बोलू नये. शुद्धीसाठी बकरं कापायला लावतील.

ता. क. दुसरा. कोळी आज भेटला. तो निंगू नव्हता म्हणे, दुसराच कुठला मासा. सासूबाई सत्तर वर्षं निंगू खात आल्यात, त्यांना कळलं नसेल असं नाही. त्या काही बोलल्या नाहीत.

ता. क. तिसरा, आणि पत्र यासाठीच. पूर ओसरतो आहे. पुढचा नोव्हेंबरात. तोवर तुमच्या आईकडे जायला एखादं निमित्त सुचत असेल तर लगेच कळवा. झाकणाची बादली घेऊन ठेवली आहे.