सासूबाईंची शंभर टक्के हजेरी

ऑनलाइन वर्गाच्या मॅडमना नमस्कार,

काल तुम्ही सगळ्या नर्सेसना सांगितलंत की शंभर टक्के हजेरी फक्त माझी आहे. मॅडम, ती हजेरी माझ्या सासूबाईंची आहे.

तुमचे व्हिडिओ दर दहा मिनिटांनी "पाहताय ना?" असं विचारतात. मी वॉर्डात चाळीस पेशंट सांभाळू की बटण दाबू? म्हणून मोबाइल घरी सासूबाईंच्या हाती दिला. त्या बटण दाबता दाबता सगळे धडे बघत बसल्या.

आज सासऱ्यांना इन्सुलिन द्यायला गेले, तर सासूबाई माझं मनगट धरून म्हणाल्या, "आधी हात धू. तिसरा धडा." वीस वर्षांची नोकरी आहे हो माझी! वर "बोटांच्या बेचक्या राहिल्या" म्हणून परत बेसिनवर पिटाळलं.

सोमवारी हॉस्पिटलात प्रात्यक्षिक परीक्षा आहे. नापास झाले तर बढती गेलीच. म्हणून सध्या त्याच माझी तयारी करून घेतात. उशीला बँडेज बांधताना चुकले, की उशीची माफी मागायला लावतात.

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं तर तुम्ही वर्गातून माझं नाव काढून टाकाल, आणि सासूबाईंचे अजून दोन धडे राहिलेत.

तुमची आदर्श,
पण गैरहजर विद्यार्थिनी