हंड्यातली तुरटी

सांगली, श्रावणातला सोमवार, १९७४

पिवळा मासाही गेला.

आरमारातून शेवटच्या रजेवर आले तेव्हा ह्यांनी रत्नागिरीहून डबे भरून समुद्राचं पाणी आणलं होतं, काचेच्या पेटीत दोन मासे सोडले होते. मग हे गेले, आणि पुढे उन्हाळ्यात एक मासा. हा एवढा राहिला होता.

शेवाळ काही हटत नव्हतं. ह्यांनी शिकवलेलं सगळं करत होते मी. ब्लेडनं काच खरवडायची, खाणं चिमूटभरच टाकायचं, ऊन लागू नये म्हणून पेटीवर ह्यांची चादर घालायची. तरी पाणी हिरवंच.

आज मी शाळेतून येईपर्यंत सासूबाईंनी त्यात तुरटी फिरवली. सध्या कृष्णेचं पाणी गढूळ येतंय, रोज हंड्यात फिरवतात तशीच. जरा जास्तच. मला दारातच म्हणाल्या, "बघ गं, कसं नितळ झालंय! वसंता असता तर खूश झाला असता."

खरंच नितळ होतं. तळाशी आडवा पडलेला मासा स्वच्छ दिसत होता. रागावू तरी कुणावर?

"निजलाय का गं?" त्यांनी विचारलं.

हे गेल्याची तार आली तेव्हा मीच ती वाचून त्यांना सांगितलं होतं. आज नाही जमलं. नुसतं "हो" म्हटलं.

त्यांनी ह्यांची चादर हळूच पेटीवर ओढली, कडेनं नीट खोचली. म्हणाल्या, "दिवा मालव. उठेल तो."